पांढरी शाई रोज हलवावी लागते

२० जानेवारी, सोमवार

मशीन आलं. सांगलीहून टेम्पोतून आलं आणि सोबत बसवून देणारा कैफ. माणूस तिशीचा, बोलायला गोड, हाताला स्वच्छ. दिवसभर राहिला आणि सगळं शिकवून गेला.

चार महिने घरी बसून पायांना मुंग्या आल्या होत्या. चोवीस वर्षं फौजेत काढली, नायब सुभेदार म्हणून सप्टेंबरअखेर पेन्शनवर आलो. तेव्हापासून रोज साडेपाचला पळायला जातो, पावणेसातला परत येतो, आणि मग उरलेला दिवस कुठं ठेवावा ते कळत नाही. आमच्या गावात हवालदारालाही मेजर म्हणतात, त्यामुळं पारावर मान आहे. पण माणसानं पारावर बसून बसून किती बसावं?

मशीनचं काम असं. पातळ फिल्मवर चित्र छापायचं, आधी रंग, त्यावर पांढरी शाई. शाई ओली असतानाच गोंदाची पूड टाकायची, ती छोट्या भट्टीत वितळवायची, आणि फिल्म टी-शर्टवर ठेवून गरम प्रेसखाली पंधरा सेकंद दाबायची. फिल्म सोलली की चित्र कापडावर. कैफनं पहिला टी-शर्ट माझ्या नावाचा काढून दिला. मी तो लगेच घातला.

त्यानं तीन गोष्टी बजावून सांगितल्या. पांढरी शाई जड असते, तळाला बसते, म्हणून रोज हलवायची आणि रोज सकाळी चाचणीची एक पट्टी छापायची. एक-दोन दिवस खाडा झाला तरी शाई फवारणारी छिद्रं बुजतात आणि मशीनचं हेडच जातं. दुसरं, खोलीत दमटपणा हवा, आणि आमच्या माण तालुक्याच्या कोरड्या हवेत तेच अवघड. तिसरं, फिल्मवर चित्र आरशातल्यासारखं उलटं असतं, तेव्हाच कापडावर सुलटं येतं. मी तिन्ही नियम पाटीवर लिहून भिंतीला लावले. क्रांती चहा घेऊन आली ती दारातच उभी राहून ऐकत होती. तिला म्हटलं, तू चहा ठेव आणि जा, हे तांत्रिक आहे.

मशीन समोरच्या खोलीत ठेवलं. तिथं तिचं शिलाई मशीन होतं, ते तात्पुरतं पडवीत घेतलंय.

संध्याकाळी पुण्याहून वीरधवलचा फोन. आमच्याच पलटणीतला, आता एका सिक्युरिटी कंपनीत साहेब झालाय. त्याच्याकडं सुपरवायझरची जागा आहे, मार्चअखेरपर्यंत तुझ्यासाठी धरून ठेवतो म्हणाला. क्रांतीला सगळं स्पष्ट सांगितलं. मशीन चाललं तर घरी राहीन, बंद पडलं तर पुण्याला जाईन. ती म्हणाली, "बरं." चोवीस वर्षांत माझ्या प्रत्येक पोस्टिंगला ती हेच म्हणाली आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

चौथा दिवस. मशीन लोण्यासारखं चालतंय. मी पळून येतो, आंघोळ, नाष्टा, आठ वाजता मशीनसमोर हजर. चाचणीची पट्टी काढली की एकही रेघ तुटलेली नाही. कैफला फोन करून सांगितलं तर त्याला नवल वाटलं. बाकीच्यांची पहिल्या आठवड्यात तक्रार येतेच म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, यंत्र असो की जवान, शिस्त लावली की लाईनीत येतं. तो हसला आणि भाभी कशा आहेत म्हणून विचारलं. दर फोनला विचारतो. चांगल्या घरचा आहे.

दमटपणाचं मीटर सेहेचाळीस टक्के दाखवतंय, मशीनला पुरेल एवढा. बाहेर ओठ फुटतील अशी हवा आणि खोलीत सेहेचाळीस. आमच्या दगडी भिंतींचा गुण.

क्रांतीनं मशीनच्या टेबलाखाली पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्यात आणि खिडकीला ओलं पोतं टांगलंय. टँकरच्या दिवसांची सवय, दिसेल तिथं पाणी साठवायचं. बादल्या न्हाणीत ने म्हणून सांगितलं. दुपारी पाहतो तर पुन्हा तिथंच. या बाईला आज्ञा म्हणजे काय हे शिकवायचं राहूनच गेलं.

२ फेब्रुवारी, रविवार

शिवांजलीचा साताऱ्याहून फोन. मुलगी कॉलेजला तिकडं असते, दर रविवारी फोन करते. तिची आई शेजारी गेली होती म्हणून मी उचलला. "पप्पा, बरं हाय का?" "बरं हाय. तुझं?" "बरं हाय." मग ती म्हणाली, आई आली की सांगा फोन केलाता. क्रांती आल्यावर दोघी पाऊण तास बोलत होत्या आणि हसत होत्या. मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम नाही. मशीन तयार, मी तयार, गिऱ्हाईक नाही. फाटकाला रंग दिला. पाण्याच्या टाकीला रंग दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन सगळे डबे उतरवले, उंचीप्रमाणं लावले आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी डकवली. हळद, मीठ, तूरडाळ. फौजेच्या लंगरमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात, अंधारातही हात घातला की वस्तू सापडायची. क्रांती शेतातून आली, बघितलं आणि चुलीकडं वळली. आज आमटी अळणी झाली. संध्याकाळपर्यंत डबे होते तिथं परत गेले, चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या आणि त्याही चुकीच्या डब्यांवर.

खरं सांगायचं तर हे घर माझ्याशिवाय चालायला शिकलेलं आहे. मी वर्षातून दोनदा यायचो तेव्हा दोन महिने सगळे माझ्याभोवती फिरायचे. आता मी कायमचा आलोय तर चालताना माझी अडचण होते सगळ्यांना. पुण्याला जावंसं वाटतं. मग मशीनकडं बघतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गावातल्या मंडळाचे शिवजयंतीचे पस्तीस टी-शर्ट. डिझाइन त्यांनी तयार दिलं होतं, मी नुसतं छापलं. सकाळी नऊला सुरू केलं, चारला घडी घालून तयार. एकही वाया गेला नाही. पोरं घालूनच गेली. रात्री जेवताना मी क्रांतीला म्हटलं, बघ, तुझा नवरा कारखानदार झाला. ती म्हणाली, "झाला की." तिच्या नखांत पांढरं होतं. रांगोळीचं असावं.

रात्री झोप छान लागली. बऱ्याच दिवसांनी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मोठं काम आलं. कवठे महांकाळचे आप्पासो. त्यांचा पाखऱ्या नावाचा शर्यतीचा बैल त्या बाजूला प्रसिद्ध आहे म्हणे. फलटणच्या विश्वजीतच्या तुफानबरोबर त्याचा पैरा ठरलाय, म्हणजे दोन मालकांचे दोन बैल एका गाडीला जुंपायचे. दोन मार्चला शर्यतीचं मैदान आहे. पंचेचाळीस टी-शर्ट हवेत, पाठीवर जोडीचा फोटो, खाली दोन्ही मालकांची नावं. नावं पुढंमागं झाली तर रुसवेफुगवे होतात म्हणून दोन्ही एका ओळीत, एका आकाराची. हे मी डायरीत लिहून ठेवतोय, कारण अशा चुका मी करत नाही.

माझं स्टेटस बघून आले असणार. क्रांतीचं माहेर कवठ्याचंच. आप्पासो तिला नावानं ओळखत होते, तिच्या भावाचीही चौकशी केली. योगायोग.

क्रांतीनं मोबाइलवरचा पाखऱ्याचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला. लहान होता तवा बघितला हुता म्हणाली. आमच्या घरात मेंढरं होती, बैल कधी नव्हते. मला सगळे बैल सारखेच दिसतात. एक पांढरा, एक करडा कोसा, एवढं कळतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिल्यांदा स्वतः डिझाइन केलं. तिसरा नियम डोक्यात ठेवून फोटो आधी उलटवून घेतला, आरशातल्यासारखा. मग खाली नावं टाकली आणि छापायला दिलं. नमुन्याचा टी-शर्ट काढला. रंग असे आलेत की पाखऱ्याच्या कपाळावरचा काळा ठिपकासुद्धा मोजून घ्यावा. अक्षरं ठसठशीत.

क्रांती भाकरी टाकायची सोडून आली, पिठाच्या हातानंच बराच वेळ टी-शर्टकडं बघत उभी राहिली. म्हणाली, "आवं, पाखऱ्या ह्या अंगाला कसा?"

मी म्हटलं, "पाटी वाच. फिल्मवर उलटं असतं तेच कापडावर सुलटं होतं. अक्षरं सुलटी वाचता येतात ना? मग बैलही सुलटेच."

ती आणखी काही तरी बोलणार होती. मी म्हटलं, कामात असताना मधे बोलायचं नाही. गेली. तव्यावरची भाकरी करपली होती, तिचा वास सगळ्या घरात.

१ मार्च, शनिवार

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

आप्पासो दहा वाजता पिकअप घेऊन आले. मी टी-शर्टचे नीट गठ्ठे करून ठेवले होते. त्यांनी वरचा एक उचलला, उलगडला आणि खाटेवर पसरला. हाताची घडी घालून बघत राहिले. मला वाटलं खूश आहेत.

"मेजर, ह्यो पाखऱ्या कुठल्या खांद्याला हाय?"

मी बघितलं. "डाव्या."

"जल्मात त्याला कवा डाव्याला जुपला न्हाई. उजव्या खांद्याचा बैल हाय त्यो. डाव्याला घाटला तर जागचा हालणार न्हाई."

उलटं, सुलटं, आरसा, फिल्म, सगळं मी त्यांना समजावून सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे अंगात घालून मैदानात गेलो तर लोक म्हनत्याल, आप्पासोला सोताचा बैल वळखंना. आन तो फलटणवाला म्हनंल, माझ्या बैलाची जागा का घेतली. उद्या जोडी पळायची हाय, आज ह्यो अपशकून नगं." ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टी-शर्टची पुन्हा घडी घातली, अगदी मी घातली होती तशी, आणि गठ्ठ्यावर ठेवली.

क्रांतीनं चहा दिला. कप घेताना ते तिला म्हणाले, "ताई, तू तर कवठ्याची. तू बी बघितलं न्हाईस व्हय?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाली, "न्हाई दादा. माझं ध्यान नव्हतं."

मला मंगळवार आठवला. मी तोंड उघडायला हवं होतं. चोवीस वर्षांत माझ्या चुकीसाठी मी कधी जवानाला पुढं केलं नाही, आणि आज बायकोला केलं. पिकअप वळणावर जाईपर्यंत मी फाटक धरून उभा होतो.

दुपारी कैफला फोन केला. तो म्हणाला, सर, सॉफ्टवेअर आपोआप उलटं करतं, तुम्ही हातानं पण उलटवलं का? म्हणजे फोटो दोनदा फिरला आणि अक्षरं एकदाच. दुहेरी बंदोबस्त करायला गेलो आणि बैलांचे खांदे बदलून बसलो. नवे टी-शर्ट एका दिवसात आणायचे कुठून? कैफनं विचारलं, भाभींना नमुना दाखवला नव्हता का? मी फोन ठेवला.

२ मार्च, रविवार

जोडी दुसरी आली म्हणे. गावात सगळ्यांना कळलंय. पारावर एकानं विचारलं, मेजर, आमच्या म्हशीचं शिंग कुठल्या बाजूला छापणार? सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन दार जोरात आपटलं.

४ मार्च, मंगळवार

वीरधवलला फोन केला. सोमवारी येतो, जागा बघतो, म्हटलं. क्रांतीला सांगितलं. या वेळी "बरं" म्हणाली नाही. "किती दिस?" एवढंच. तीन-चार, म्हटलं.

९ मार्च, रविवार

बॅग भरली. मशीनला काय करायचं त्याचा विचार केला. चार दिवस कुणी शाई हलवली नाही तर हेड जाणार. क्रांतीला काहीच सूचना दिल्या नाहीत. मुद्दामच. बंद पडलं तर पडू दे, म्हणजे निर्णय आपोआप लागेल आणि कुणाला दोष नको. हे असं लिहिताना बरं वाटत नाही, पण डायरीत तरी खोटं कशाला लिहू?

११ मार्च, मंगळवार, पुणे

मोठी काचेची इमारत. सकाळी सातला फॉलिन. चाळीस गार्ड रांगेत, त्यात आमच्या माणची नऊ पोरं. वीरधवलनं ओळख करून दिली आणि सगळ्यांनी सॅल्यूट मारला. छाती पुढं आली, खोटं कशाला बोलू. इथं मी कुणाच्या वाटेत येत नाही. राहायला खोली आहे, एक खाट, एक खुंटी, एक खिडकी. अशा खोलीत मी अर्धं आयुष्य काढलंय. वस्तू कुठं ठेवायची ते इथं लगेच कळलं. सोळा तारखेपर्यंत कळवतो म्हटलं, पण मनातून होच आहे.

रात्री घरी फोन केला नाही. करून काय बोलणार.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी घरी पोचलो. आज शिमगा, घरभर पुरणाचा वास. क्रांती चुलीपुढं होती, मान वर न करता म्हणाली, हातपाय धुवा. मी बॅग ठेवली आणि आधी मशीनच्या खोलीत गेलो. मशीन मेलेलं बघायचं आणि विषय संपवायचा.

चाचणीची पट्टी काढली. एकही रेघ तुटलेली नाही.

चार दिवसांत शाई बसायलाच हवी होती. पुन्हा काढली. पुन्हा तीच. मग संगणकावर झालेल्या छपाईची यादी असते ती उघडली. आजवर कधी बघितली नव्हती. आज सकाळी पाच बेचाळीस, चाचणी. काल पाच चाळीस. परवा. तेरवा. मी खाली खाली जात राहिलो. फेब्रुवारी रोज. जानेवारी, तेवीस तारखेपर्यंत रोज. वेळ तीच, मी फाटकातून पळायला बाहेर पडल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं. कुठंकुठं ओळीनं चार-चार चाचण्या, एका दिवशी अकरा. आणि मी आठ वाजता येऊन शिस्तीच्या बाता मारत होतो.

मग बादल्या दिसल्या. मीटर दिसलं. मी तिथंच स्टुलावर बसलो.

स्वयंपाकघरात गेलो. ती पोळी लाटत होती. विचारलं, "सकाळचं मशीन तू चालवतीस?"

"व्हय."

"कधीपासून?"

"तिसऱ्याच दिशी पांढरी अडाकली हुती. तुमी पळाय गेल्ता. कैफला फोन लावला, त्यानं सांगिटलं तसं केलं. मग रोजच."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं पोळी तव्यावर टाकली. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मशीन बंद पडलं तर पुण्याला जाईन, आसं तुमीच बोलला हुता. म्हून म्या ते बंद पडू दिलं न्हाई."

ती पोळी उलटते, तूप सोडते, दुसरा उंडा घेते. मी दाराच्या चौकटीला धरून उभा. शेवटी म्हटलं, मी या वेळी जाताना तुला शाईबद्दल काही सांगितलं नाही, ते मुद्दाम. ती म्हणाली, माहीत हाय.

मग लाटणं थांबवून म्हणाली, "पर आता दमले म्या. मशीनवर घालू नगा. तुमाला ऱ्हायाचं आसंल तर ऱ्हावा, जायाचं आसंल तर जावा. तेवढं सोताच्या तोंडानं सांगा. चोवीस वरीस पलटण सांगायची, आता काय मशीन सांगणार व्हय?"

पोळी ताटात पडली. मी खाल्ली. होळी पेटवायलाही गेलो नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, या बाईला माझी सवयच राहिली नाही. आणि ती रोज पाच चाळीसला मशीनपाशी जाऊन मला घरात ठेवत होती. मला लाज वाटते, आणि आनंद होतो, आणि आनंदाचीही लाज वाटते.

१४ मार्च, शुक्रवार

पळताना दोन वेळा थांबलो. चोवीस वर्षांत वाटेत थांबलो नव्हतो. पुण्यात सॅल्यूट आहे आणि खुंटी आहे. इथं पंचेचाळीस उलटे बैल आहेत आणि पारावरचं हसणं आहे. तराजू सारखा खालीवर होतोय. घरी आलो तेव्हा ती गोठ्यात होती. काही तरी बोलावं म्हणून गेलो आणि धुळवडीचं पाणी किती साठवलंय ते विचारून परत आलो.

१५ मार्च, शनिवार

पळायला जायला उठलो. बूट घातले, मग काढले. मशीनच्या खोलीत दिवा होता. दारात जाऊन उभा राहिलो. तिनं पदर खोचला होता आणि पांढऱ्या शाईची बाटली दोन्ही हातांनी हळूहळू कलती करत होती, मी आजवर खडखडून हलवायचो तशी नाही. पंचेचाळीसातला एक टी-शर्ट तिनं टेबल पुसायला घेतला होता.

मी म्हटलं, "क्रांती, मी राहतोय. मला राहायचंय. आप्पासोंना आज फोन करतो आणि सांगतो, की तू बघितलं होतंस आणि मी ऐकलं नाही."

ती वळली नाही. बाटली पुन्हा एकदा कलती केली, उजेडाकडं धरून तळ बघितला.

"मग आत या की. दारात उभं ऱ्हाऊ नगा."

मी आत गेलो आणि दार ओढून घेतलं.